माझं नाक हेच लेबल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६
संकल्प: आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. शाळेत गुरुजी म्हणायचे, लिहिणाऱ्याचं मन गंजत नाही.
ही सोळा तारखेला येतेय. आठ महिने लेकीकडे आहे, नातवाला सांभाळायला. कायमची येणार की दोन दिवसांसाठी, हे मी फोनवर विचारलं नाही. तीच म्हणाली, घर बघून ठरवते. म्हणजे ठरलंच. घर आरशासारखं आहे.
तिची शाल रोज उशाशी घेतो. अजून तिचाच वास येतो. डोक्याच्या तेलाचा, थोडा साबणाचा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
लॅबमध्ये नवं काम. साठ उंदरांची नाकं. तीन महिने त्यांना एका सॉल्व्हंटची वाफ हुंगवली; नाकात काय बिघडलं ते बघायचं. डोकी फॉर्मॅलिनमध्ये मुरली आहेत. आता हाड मऊ व्हायला आम्लात ठेवायची, टाळूच्या वळ्या मोजून चार ठिकाणी आडवी कापायची, मेणात बसवायची, मग कागदाहून पातळ काप.
स्लाइड तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बरण्यांना लेबलं लावा, आम्ल आणि धुण्याचं पाणी दिसायला सारखंच. मी हसलो. बावीस वर्षं झाली. माझं नाक हेच लेबल.
कापण्याआधी प्रत्येकाला मनातल्या मनात हात जोडतो. हे कुणाला सांगत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
डोकी आम्लात घातली. बारा एका बरणीत, बाकीची मोठ्या डब्यात. काम चोख.
कँटीनमध्ये माझं टेबल आजही लोकांनी रिकामं सोडलं. अनुभवाचा मान राखतात. कँटीनवाली मावशी म्हणाली, दादा, तुम्ही आपले खिडकीपाशीच बसा, वारा लागेल. किती जीव लावते.

९ फेब्रुवारी, रविवार
दूध करपलं. समोरच्या काकू दार बडवत आल्या. भावोजी, अख्खा जिना धुराने भरलाय, झोपलात की काय? झोपलो नव्हतो. शेजारच्या खोलीत डोळे मिटून नामस्मरण करत होतो. एकाग्रता म्हणतात ती हीच. काकूंना काय कळणार.
तीन दिवस लिहिलं नाही. मनात लिहीत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बरणीतली बारा डोकी कापायला घेतली. हाड दगडासारखं! तीन ब्लेड गेली. पुरवठादाराने आम्लात पाणी घातलंय. कडक शब्दांत तक्रार लिहिली. अक्षर सुरेख आलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मॅडमनी तक्रार वाचली, बरणी उघडली, नाकाजवळ नेली. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अहो, हे नुसतं पाणी आहे.
मी म्हणालो, सर्दी झालीय. त्या म्हणाल्या, बरं. फार हळू म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
ती बारा डोकी आता खऱ्या आम्लात घातली. नुकसान काहीच नाही. फक्त एक आठवडा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
डब्यातल्यांच्या स्लाइड झाल्या. मॅडमनी बोलावून दाखवल्या. नाकात आत, मागच्या बाजूला वास ओळखणारं अस्तर असतं. जास्त वाफ मिळालेल्यांचं झिजून गेलंय. मी विचारलं, त्यांना हे कळलं असेल का? म्हणाल्या, नसावं. हुंगतच राहतात, सवयीने.
बिचारे.
जाताना त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी हातात दिली. खिशात ठेवली. सर्दी सोमवारपर्यंत जाईलच.

१५ फेब्रुवारी, शनिवार
फरशी दोनदा पुसली. उद्या तिने काही बोलायच्या आत तिला बसवायचं, चहा द्यायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
आली. हातात एकच छोटी पिशवी.
उंबऱ्यातच थांबली, नाकाला रुमाल लावला. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. फ्रिजमधलं कायसं उचलून खाली टाकून आली. देवापुढच्या फुलांचं पाणी ओतलं. चहा राहिलाच. म्हणाली, अहो, कसं राहता हो इथे?
मी म्हणालो, मजेत. पुरावा म्हणून शाल काढली. म्हटलं, बघ, अजून तुझाच वास आहे.
तिने शाल नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. म्हणाली, ही मी जाताना धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. हिला तुमच्या त्या बरण्यांचा वास येतोय.
मी हसलो. ती हसली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
पहिल्या गाडीने गेली. म्हणाली, बाळाला अंगाखांद्यावर घ्यायचं असतं, कपड्यांना वास धरतो. आधी नाक दाखवून या, मग बघू. जिना उतरताना दोनदा वळून म्हणाली, गॅस बंद करत जा हो.
खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.
जाण्याआधी तिने शाल धुऊन दोरीवर टाकलीय. आत्ता जवळ गेलो. डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला.
ओली आहे, एवढं कळलं.