बुडबुड्यावर नजर

रविवार, संध्याकाळ. नोएडा.

जुन्या स्कूटरच्या इंजिनच्या हेडची पोकळी मोजत होतो. त्याला महागडं माप कशाला? औषधाच्या दुकानातली सिरिंज आणि पोकळीच्या तोंडावर ग्रीसने चिकटवलेला, भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा पुरतो. भोकातून पातळ तेल सोडायचं, खालचा शेवटचा बुडबुडा गेला की थांबायचं. लग्न होऊन बंगलोरला जाईपर्यंत बुडबुडा माझी लेक मीरा बघायची, मी सिरिंजवरचे आकडे. ती म्हणायची, "बस बाबा, रुको."

आज आकडेच बघत बसलो. तेल टेबलावर पसरलं तरी दाबतोच आहे. कोण 'बस' म्हणणार होतं?

खरं तर बुडबुडाच बघायचा असतो. आकडा नंतर निवांत वाचता येतो, दुसरं माणूस लागत नाही. हे तेव्हाही माहीत होतं. पोरीला कधी सांगितलं नाही.