मधली खुर्ची

नोएडा, १९९६

तीर्थरूप बाबांना,

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही, तरी लिहिते. आमच्या कंपनीत नव्या वसाहतींमधल्या इमारतींचे नकाशे कंप्युटरवर काढतात. हॉलच्या मधोमध एक खुर्ची असते. ज्याचं काम अडेल त्याने तिथे जाऊन बसायचं, मग बाकीचे भोवती जमून त्याला शिकवतात. मी कधीच बसले नव्हते. शाळेत जायच्या आधीपासून तुम्ही मला घरी शिकवलंत, आणि 'येत नाही' म्हणायची आपल्याकडे सोय नव्हती.

काल आमच्या विभागाच्या प्रमुख विजयालक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "केतकी, पूछोगी नहीं तो सीखोगी कैसे? ऐसे तो मैं तुम्हें पक्का नहीं कर पाऊँगी." नोकरी गेली तर मला घरी परत यावं लागेल, म्हणून आज बसले. वळणाचा जिना मला काढता येत नाही, असं कसंबसं सांगितलं.

"अरे, वो तो मॅडम से भी नहीं बनता!" माझ्याबरोबर काम करणारा जयदीप ओरडला. सगळे हसले, मॅडमसुद्धा. त्या एक खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसल्या. "चलो, दोनों सीखते हैं."

माझी पहिलीच रेघ चुकली आणि हात आपोआप डाव्या कानावर गेला. शिकवताना तुम्ही नेहमी त्याच बाजूला बसायचात, चुकलं की कान हाताशी यावा म्हणून.

मॅडम थांबल्या. "कान में दर्द है?"

मी हो म्हणाले, बाबा. तुमचं नाव घेतलं नाही.

तुमची,
केतकी