पल्ल्याबाहेर

शिरवळ,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ऋषिराजदादास,
राजेश्वरीचा सा. न.

वाईला सगळे बरे आहेत. काकींचा गुडघा आता दुखत नाही. उसाला अजून तोड आलेली नाही. एवढी खुशाली पुरे. अपघात झाल्यापासून तू पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसलास, फोन उचलत नाहीस. भाऊबीजेला ओवाळलं तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणून हे पत्र.

काल आटपाडीला जाऊन आले. ज्या बिराप्पामामांची उजव्या हाताची दोन बोटं आपल्या कंपनीने बनवलेल्या कडबाकुट्टी मशीनमध्ये गेली, त्यांच्या घरी. कंपनीचा अहवाल म्हणतो, त्यांनी मशीन बंद करायचं बटण दाबलंच नाही. खाली सही तुझी. लाज कशी वाटली नाही रे?

मामा म्हणाले, "पोरी, बाही अडकली तवा म्या डाव्या हातानं लाल बटान दाबलं. मशीन थांबंना. पडद्यावर झेंडूची फुलं आली." या फुलांवरून गावात त्यांना हसतात.

फुलं कुणाच्या डोक्यातून आली होती? खंडेनवमीला गिऱ्हाईक मशीनची पूजा करतं, तर सुरू करताच पडद्यावर झेंडू दिसला पाहिजे, हे तुझंच. ते चित्र मध्ये घुसलं आणि मशीन थांबवायचा भाग प्रोग्रॅमच्या पार टोकाला गेला. बटण दाबल्यावर त्या भागाकडे जायची आज्ञा, म्हणजे उडी, आखूड होती; ती तिथवर पोचेना. तो भाग दुसऱ्या फाइलीत, म्हणून एकेक फाइल मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या असेंब्लरला अंतर कळणं शक्य नव्हतं. त्याने पत्त्याची जागा मोकळी सोडली. लिंकरने सगळं एकत्र जोडताना अंतर मोजलं. आकडा त्या जागेत मावेना, तेव्हा त्याने स्पष्ट सांगितलं, उडी पल्ल्याबाहेर आहे. त्याने त्याचं काम चोख केलं. लांब पल्ल्याची उडी लिहून पुन्हा चाचणी घ्यायला अर्धा दिवस लागला असता. पण ट्रक दारात उभा होता ना! तू लिंकरची ती तपासणीच बंद केलीस. मग आकड्यातले न मावणारे बिट कापले गेले, उरलेला आकडा बसवला गेला आणि थांबवायची उडी जाऊन पडली फुलांवर.

'तू बंद केलीस' असं वर लिहिलं खरं. पण ती ओळ मी टाइप केली, दादा. तू मागे उभा राहून सांगत होतास आणि माझी बोटं चालत होती. मी चाचणीचं विचारलं, तर म्हणालास, "राजू, तुला इथं नोकरी कुणी लावली?" मी गप्प बसले. दीड महिना गप्प बसले. तुझ्यावर चिडले आहेच, पण आरशात बघतानाही तितकीच चिडते.

त्या ट्रकमधून ज्यांच्याकडे मशिनी गेल्या, त्या बाकीच्या अकरा जणांना मी फोन करून त्या बंद ठेवायला सांगितलं आहे. साहेब भडकलेत. भडकू देत.

सोमवारी चौकशीला अधिकारी येणार आहेत. घडलं ते सगळं मी दोन पानांत लिहिलंय. मामांनी डाव्या हाताने सही केली. त्यांना फार वेळ लागला. त्याखाली माझी आहे. तिसरी जागा मोकळी सोडली आहे. दहाच्या आत ये. नाही आलास, तर ती जागा कुणाची आहे ते मी त्यांना तोंडाने सांगेन.

ती ओळ टाइप करणारी,
तुझी बहीण
राजेश्वरी