बंद जीपचा दोर

रविवार, संध्याकाळ. बदलापूर गाव

जीपच्या बंपरवरचा इलेक्ट्रिक विंच, म्हणजे दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढायचं यंत्र, काढून हायड्रॉलिक बसवायचा, असं ठरवून उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदार हसला. "अरे साईं, लोक उलटं करतात. हायड्रॉलिक इंजिनावर चालतो. पाण्यात इंजिन बंद, तर विंचपण बंद. इलेक्ट्रिक बॅटरीवर तरी ओढेल."

बंद गाडीत चालणारा विंचच मला नको आहे. मागे नदीत बुडालेला एक टेम्पो आम्ही याच विंचने ओढून काढला, त्याचा ड्रायव्हर मात्र सापडला नाही. तेव्हापासून विंचचा दोर रोज आपोआप उलगडलेला असतो. किल्ली माझ्या खिशात. दोर आपोआप उलगडतो, एवढंच दुकानदाराला सांगितलं.

"रिले चिकटला असेल, मोटर चालू करणारा स्विच," तो म्हणाला. "मोटरने सोडलेला दोर बंपरखाली ढीग होऊन पडतो, बघा."

आमचा सरळ पडतो, नदीच्या दिशेने. हे त्याला सांगायची लाज का वाटली?

घरी मेधा म्हणाली, "अहो, नदीत आपलंच इंजिन बंद पडलं तर आपल्याला कोण ओढणार?"

विंचला जाणारी बॅटरीची वायर सकाळीच काढून ठेवली होती. आता गॅलरीतून दिसतंय, दोर पुन्हा सरळ, नदीच्या दिशेने. हुक ओला.

ओढणारं कुणीतरी आहे, हे मेधाला कसं सांगू?