झारूणा माझ्या हातून जेवली

आई ग,

तुझ्या नेविराचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. थोडा खोकला होता, तो गेला.

तुझी लेक काल पुजारीण झाली!

झारूणा देवी तळ्यात राहते. तीन दिवसांत तिने वर येऊन नव्या मुलीच्या हातचा नैवेद्य घेतला, तरच मुलीला ठेवून घेतात. पहिले दोन दिवस मी स्तोत्र बिनचूक म्हटलं, पण पाणी हललंसुद्धा नाही. तुला कळवलं नाही, उगाच तुझी झोप उडाली असती.

तिसऱ्या दिवशी घाबरून मी स्तोत्रच विसरले. सगळ्या पुजारणी बघत होत्या. तोंडातून निघालं ते तुझंच बोलणं : "ये ग बाई, किती हाका मारायच्या? लापशी गार होतेय!"

पाणी दुभंगलं. घराएवढं हिरवं डोकं वर आलं, वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि मला नाकाने ढुशी देऊन आणखी मागितलं!

थोरल्या पुजारीण ओरुमाबाई रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं आम्ही तिची स्तुती करतोय. जेवायला ये, असं कुणी म्हटलंच नाही ग!"

बाबांचा गुडघा कसा आहे? माझं अंथरूण धाकटीला दे, तिला गारठा सोसत नाही.

सकाळपासून ओरुमाबाई माझ्या मागे लागल्यात, "तुझी आई 'गार होतेय' म्हणताना सूर वर नेते की खाली?" मी सांगितलं, चिडली असेल तर वर. आता तळ्याकाठी अकरा पुजारणी तुझ्यासारखं चिडायचा सराव करतायत.

तुझी, आणि आता झारूणाचीही,
नेविरा