दुसरी किल्ली

ता. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या घरातल्या खालच्या खोलीचा भाडेकरू महिनाअखेरीस जातोय, ती खोली मी घ्यावी, आणि या मुक्या गावात एकट्याने कुढत बसण्यापेक्षा समुद्राकाठी माणसांत यावं, असं तू लिहितेस. तुझी माया कळते. पण ताई, तू मला विचारलंस, माझ्या भिंतीला विचारलं नाहीस. भिंतीवर त्रेचाळीस खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर गावातल्या एकेका घराची दुसरी किल्ली आहे. कुलपं दुरुस्त करायचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी लोकांनी किल्ल्या ठेवल्या त्या माझ्याकडेच. उद्या कोणाची पहिली किल्ली विहिरीत पडली तर त्याने कोणाकडे जायचं? तुझ्याकडे?

शिवाय समुद्राची हवा खारट. ती लोखंड खाते, मग गुडघ्यांचं काय करत असेल? तुझा जिना अरुंद, गल्लीत गर्दी, आणि मला पोहता येत नाही. तू म्हणशील घरात पोहावं लागत नाही. पण समुद्राचं काही सांगता येत नाही.

इथे सगळं शांत आहे. तुझी भावजय गेल्यापासून जरा जास्तच शांत आहे, एवढंच.

लोभ असू दे. खोली कोणाला देऊ नकोस. म्हणजे, देऊन टाक. तूच काय ते ठरव, पण मला विचारून.

तुझा धाकटा


ता. ६ नोव्हेंबर

चि. कुलूपराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा वाचलं ते खालच्या मासळीवालीला ऐकवायला. तिने विचारलं की त्या गावात चोरण्यासारखं आहे तरी काय. मी खूप आठवून पाहिलं. एक शिडी आठवली, तीही मोडकी.

तुमच्याकडे शेवटची घटना घडली ती मी मागे आले होते तेव्हा. रस्त्यात बैल बसला होता. अख्खं गाव बघायला जमलं, आणि बैल उठून गेल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. इथे नुसतं खिडकीत बसलं तरी बंदराचा भोंगा, खलाशांची भांडणं, समोरच्या न्हाव्याचा रेडिओ, सगळं घरबसल्या. जिना उतरेपर्यंत मला दहा माणसं हाक मारतात. मला ओळखत नाही असा माणूस या शहरात कालच्या बोटीने आलेला असतो.

समुद्र घरापासून पाऊण मैलावर आहे आणि तो काही तुझी वाट बघत बसलेला नाही. आठ दिवस येऊन बघ आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांग. एक ट्रंपेट शिकवणारा मास्तर खोली विचारून गेलाय. तू आला नाहीस तर उरलेलं आयुष्य मी त्याच्या शिष्यांचं ऐकत काढीन, आणि त्याचा दोष तुझ्या भिंतीवर टांगीन. चव्वेचाळिसावा खिळा ठोकून ठेव.

माझा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

ताई


ता. १४ नोव्हेंबर

चि. गिरणीवालीस,
अनेक आशीर्वाद.

तू शेजारीण म्हणून हे काम तुलाच सांगतो. कृपा करून गिरणी थोडा वेळ बंद ठेव आणि ताबडतोब घरोघर जा. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. ताईकडे निघताना मनात आलं, की त्रेचाळीस घरांच्या किल्ल्या एका रिकाम्या घरात ठेवून जाणं म्हणजे चोराला आमंत्रण. म्हणून सगळ्या पिशवीत भरल्या आणि बरोबर घेतल्या. गाडीत पिशवी इतकी वाजत होती की कंडक्टरने विचारलं, तुरुंगात नोकरीला आहात का. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की आता गावात कोणी घराबाहेर अडकलं तर? परवापासून जेवण जात नाही. सगळ्यांना सांग, घाबरू नका, मी पार्सलने पाठवतो.

इथलं म्हणशील तर गोंगाट फार. लोक ओरडतात ते भांडण असेल म्हणून मी धावत खाली जातो, तर ते एकमेकांची खुशाली विचारत असतात. ताईच्या दाराला नुसती कडी होती, कुलूप नाही! मी बाजारातून सात लिव्हरचं, ओढलं की आपोआप बसणारं कुलूप आणून लावून दिलं. दोन किल्ल्या तिच्या हातात दिल्या. ती हसली. हसू दे.

उत्तर लगेच पाठव. तोवर जीव टांगणीला आहे.

तुझा कुलूपवाला काका


ता. १८ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बेचाळीस घरं फिरले. त्रेचाळिसावं माझंच. कोणीही अडकलेलं नाही. किल्ल्या गेल्यात हे कोणाला माहीतही नव्हतं. कंपाउंडरने उलट मलाच विचारलं, कसल्या किल्ल्या?

पार्सलचा खटाटोप करू नका. काका, रागावू नका, पण आता सांगूनच टाकते. तुम्ही दुकान बंद केलंत तेव्हा दिवसातून चार वेळा गावभर हिंडून प्रत्येकाचं कुलूप ओढून बघायचात. लोक जेवत असले तरी बाहेरून खडखड. सुताराची सून तर घाबरून माहेरी जायला निघाली होती. शेवटी काकू घरोघर गेल्या आणि म्हणाल्या, त्यांच्याकडे एकेक किल्ली ठेवायला द्या, म्हणजे ते घरी बसतील. लोकांनी जी हाताला लागली ती दिली. मी जुन्या ट्रंकेची दिली. ट्रंक तेव्हाच भंगारात गेली होती.

तेव्हा निवांत राहा. समुद्र बघा. गावाची काळजी नसावी, गावाला ती अजिबात नाही.

आपली गिरणीवाली


ता. २३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्धा चहा टाकून, तुला धड न सांगता निघालो, त्याची क्षमा कर. गिरणीवालीचं पत्र टेबलावर राहिलं. तू ते वाचलं असशीलच, वर मासळीवालीला ऐकवलंही असशील. तुला हे आधीपासून माहीत होतं का, एवढं खरं लिही.

इथे आल्याबरोबर पिशवी घेऊन ज्याची त्याला परत करायला गेलो. कोणी घेईना. कंपाउंडर म्हणाला, असू द्या तुमच्याकडेच, नाहीतर पुन्हा दारं ओढत फिराल. सुताराने तेवढी घेतली, माझ्यासमोर कुलपात घालून बघितली, लागली नाही, तर अर्धा तास हसत बसला. सहा वर्षं मी या किल्ल्यांना दर रविवारी तेल दिलं, ताई. दर रविवारी.

तेव्हा माझा निकाल झाला. तुझ्या शहरात मला कोणी ओळखत नाही, आणि इथे सगळे नको तेवढं ओळखतात. इथेच राहतो, पण कोणाशी बोलणार नाही. खोली ट्रंपेटवाल्याला दे.

लोभ ठेव, न ठेव. आता माझा कशावरच भरवसा नाही.

तुझा धाकटा


ता. २६ नोव्हेंबर

चि. कुलूपराव यांस,
अनेक आशीर्वाद.

माहीत होतं. तुझ्या बायकोने मला तेव्हाच कळवलं होतं. आणि पुढे हेही लिहिलं होतं, की किल्ल्या टांगल्यापासून हे शांत झोपतात आणि मलाही झोपू देतात. तिने बेचाळीस उंबरे झिजवले, गिरणीवालीचा धरून त्रेचाळीस, ते तुझी थट्टा करायला नव्हे. एवढं तरी चौथी पास डोक्यात शिरू दे.

आता माझं ऐक आणि पोटभर हस. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी केराची बादली ठेवायला दाराबाहेर आले. वारा आला आणि तुझं ते सात लिव्हरचं सोंग खट्कन बसलं. दोन्ही किल्ल्या आत, एकाच खिळ्यावर. दिवेलागणीपर्यंत मी जिन्यात बसून होते, पायांत चप्पल नाही. अख्खी गल्ली जमली. तुमचा तो बैल आठवला! न्हाव्याने सल्ला दिला, मासळीवालीने चहा दिला, ट्रंपेटवाला योगायोगाने आला होता, त्याने माझा वेळ जावा म्हणून वाजवून दाखवलं. मग मासळीवालीने विचारलं, की आजी, तुमची दुसरी किल्ली कोणाकडे असते?

मला एक नाव सुचेना. दहा माणसं हाक मारणारी, पण ज्याच्या हातात किल्ली द्यावी असं एकही नाही. शेवटी एका खलाशाने खिडकीची काच फोडून आत उडी मारली. जाताना तो माझी बरणीही फोडून गेला.

सोबत किल्ली पाठवते आहे. टांगून ठेव. ही खऱ्या कुलपाची आहे. ये असं म्हणत नाही. पण तिथून ती मला लागली तर पोचायला तुला दीड दिवस लागेल, तेवढा हिशोब तूच कर.

ताई


ता. २९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन किल्ल्या एकाच खिळ्यावर! असं कोणी ठेवतं का? तरी मी कुलूप लावतानाच दोनदा सांगितलं होतं. आणि अनवाणी जिन्यात बसलीस, त्या फरशीचा गारवा गुडघ्यांत शिरला असेल. त्यात ती खारट हवा. फुटलेल्या खिडकीला अजून पुठ्ठाच लावला असशील, मला माहीत आहे.

गावाच्या किल्ल्या गिरणीवालीकडे दिल्या. कोणाचं दार ओढून बघावं लागणार नाही, या अटीवर तिने त्या टांगून घेतल्या. माझ्या घराची दुसरी किल्लीही तिच्याकडेच दिली. तिने ती माझ्या कुलपात घालून बघितली, आणि म्हणाली, चला, एक तरी लागली. निरोपाला सुतारही आला होता. त्याच्याशी बोललो नाही. मग बोललो.

ट्रंपेटवाल्याला दुसरीकडे खोली बघायला सांग, जरा लांबची. कानस, तेलाची डबी आणि एक जास्तीचा खिळा घेऊन गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो. समुद्राकडे मला कोणी नेऊ नये.

तेवढं एक कर. गुरुवारी घरीच थांब. पण जिन्यात माझे पाय वाजले म्हणून उठून दार उघडू नकोस. तू आत बस. तुझी दुसरी किल्ली मला बाहेरून लावून बघायची आहे.

लोभ आहे, हे आता कळलं.

तुझा
कुलूपराव