भीमाचा मानकरी समरकंदात

समरकंद,
१३ एप्रिल २०२४

चि. वेणूस बळवंताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता कागद लिहितोय, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. गावाच्या लेखी मी ठाण्याच्या दवाखान्यात छातीला नळ्या लावून पडलोय. असा माणूस फोनवर खणखणीत बोलला आणि तुझ्या ओटीवर बसलेल्यांनी ऐकलं, तर तुझी फजिती. तुझी वहिनी कागदाचा फोटो काढून उमेशच्या फोनवर पाठवील. तुझ्या लेकाला सांग, वाचलं की पुसून टाक.

आम्ही सुखरूप आहोत. वेणू, काय सांगू! उभी हयात जव्हारच्या शाळेत निळ्या खडूने फळ्यावर समरकंदचे घुमट काढले. बाबर ह्या शहरासाठी जन्मभर झुरला, हे शिकवताना पोरं विचारायची, गुरुजी, तुम्ही बघितलंय का? काल बघितलं. रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे, आणि रंग असा निळा की माझा खडू अगदीच फिका. वनमाला तर मान वर करून करून आखडून बसली आहे.

पण एका मदरशाच्या कमानीवर वाघाच्या पाठीवर सूर्य काढलाय, त्याला माणसाचं तोंड, टपोरे डोळे. मला आपला भीमच वाटला. येत्या शनिवारी गावात बोहाडा, मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचणार, त्यात भीमाच्या सोंगाचा मान माझा, आणि मानकरी इथे फोटो काढत फिरतोय. चैतन्यने तिकिटं हातात ठेवली तेव्हा तारखा बघून नाही म्हणायला हवं होतं. पोराचं मन मोडवेना, आणि खरं सांगू, माझंही मोडवेना. मौजेसाठी मान सोडला म्हटलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. म्हणून छातीदुखी काढली आणि बोलायला तुला पुढे केलं.

लोभ आहेच, तो ह्या थापेसकट सांभाळावा.

तुझा
दादा

खोडाळा,
१५ एप्रिल

ती. दादास वेणूचा शि. सा. न. वि. वि.

तुझे निळे घुमट तुला लखलाभ. इथे माझी काय दशा झाली ती वाच.

मी देवळापुढे सांगितलं, दादाच्या छातीत कळ आली, ठाण्याला नेलाय. वाटलं, लोक हळहळतील आणि भीमाचं सोंग कुणीतरी दुसरा घेईल. तसं कुणी केलंच नाही. मानकरी अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या मुखवट्याला हात कोण लावणार, म्हणाले. आपली रामीकाकी तर मला धरून रडली. तू लहानपणी तिच्या पदराला धरून बोहाडा बघायचास ते सगळं काढलं तिने. मी पण रडले. कशाला रडले ते मलाच ठाऊक.

आणि आज सकाळी मुकेश आला. तुझ्या हाताखाली शिकलेला, भिवंडीकडे बांधकामावर असतो तो. बोहाड्यासाठी तो सुट्टी मागत होता. मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नको. तरी आला. तुझं कळल्यावर पोरं गोळा केली, जीप केली आणि रक्त लागेल म्हणून सगळे ठाण्याला निघाले. दवाखान्याचं नाव विचारलं तर मी म्हटलं, मोठा आहे, नाव मला येत नाही. त्यावर मुकेश म्हणाला, काही हरकत नाही आत्या, शोधून काढतो.

दादा, मी जीपच्या मागे धावले रे. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता काय करू ते लवकर लिही.

लोभ आहे, पण सध्या राग त्याच्या वर बसलाय.

तुझी
वेणू

बुखारा,
१७ एप्रिल

चि. वेणूस अ. आ. वि. वि.

पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. इथे एक जुनं तळं आहे, काठाला तुतीची म्हातारी झाडं, त्यांच्याखाली बाकांवर बसून लोक चहा पितात. बुखाऱ्याचा उंच मिनारही तिथून चालत जाण्याजोगा. सगळं ऐकल्यापेक्षा सुंदर, पण माझं लक्ष लागेल तर शपथ. इथली माणसं सलाम करताना छातीवर हात ठेवून किंचित वाकतात. चहावाला, मशिदीतला म्हातारा, हॉटेलच्या दारावरची मुलगी, जो तो माझ्यासमोर छातीवर हात ठेवतो, आणि मला माझी खोटी छातीदुखी आठवते. वनमाला म्हणते, तुम्हाला हीच शिक्षा हवी होती. तिने पहिल्या दिवसापासून नको म्हटलं होतं, हे तू जाणतेसच.

एवढं कर. पोरं परतली की सांग, दादाला सोडलं, पण विश्रांती सांगितली आहे, कुणी भेटायला येऊ नये. हे शेवटचं. आल्यावर मी निस्तरीन.

लोभ असावा, एवढंही मागताना जीभ अडते.

तुझा
दादा

खोडाळा,
२१ एप्रिल

ती. दादास वेणूचा नमस्कार.

तुझी दुसरी थाप मी सांगितली नाही. सांगायला वेळच उरला नव्हता.

पोरं दोन दिवस ठाण्यात दवाखान्यामागून दवाखाने फिरली. प्रत्येक ठिकाणी तुझं नाव विचारायचं, नाही म्हटलं की पुढे. परत आली ती खाली मान घालून. मुकेश माझ्या ओटीवर बसला आणि माझ्याकडे बघेना. मग कळलं, सगळ्यांनी एकच ताडलं होतं. गुरुजी गेले आणि बोहाडा थांबू नये म्हणून वेणू गिळून बसली आहे. तुझं सुतक धरायचं ठरलं. मुखवट्यांवर कापड टाकलं, संबळवाल्यांना घरी जायला सांगितलं. माझ्या भावासाठी गावाचा बोहाडा बंद होणार होता, दादा!

मग मी देवळापुढे उभी राहिले आणि सगळं बोलले. दादा ठणठणीत आहे, परदेशात फिरायला गेलाय, खोटं त्याचं आणि तोंड माझं. वाटलं, आता दगड बसतील. मुकेशने फक्त विचारलं, गुरुजी जिवंत आहेत ना? मी हो म्हटलं, तसा तो लहान पोरासारखा रडला. गावाने तुला शिव्या तरी घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काल भीम निघाला. पंचांनी मुकेशलाच मुखवटा दिला. काम गेलेलं, दोन रात्री झोप नाही, तरी असा नाचला की म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मला तुझी आठवण आली आणि तुझी लाजही वाटली.

लोभाचं नंतर बघू.

वेणू

जव्हार,
२३ एप्रिल

चि. वेणूस आशीर्वाद.

काल जव्हारला पोचलो. खोडाळ्याची गाडी डेपोत उभी होती, पायरीवर पाय ठेवला आणि उतरलो. कोणत्या तोंडाने येऊ? समरकंद बघितलं ह्याचा पस्तावा नाही, खोटं नाही बोलणार. पण मी खरं सांगितलं असतं तर गाव फार तर रागावलं असतं. मी माझ्या माणसांना इतकंही ओळखलं नाही, ह्याची लाज वाटते.

पंचांना सांग, भीमाचा मान आता मुकेशच्या घरी राहू दे. मी मनापासून सोडतो. पुढच्या वर्षी त्याच्यापुढे टेंभा धरायला मला उभं करतील का, एवढं विचार. त्याच्या कामाचंही मी बघतो, पण आधी माफी मागायची आहे आणि पाय उचलत नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा
बळवंत

खोडाळा,
२४ एप्रिल

ती. दादास वेणूचा शि. सा. न.

तुझा निरोप पंचांना दिला. मुकेश मान घ्यायला लाजतोय, पण घेईल. टेंभ्याचं गाव ठरवील, त्यात मी बोलणार नाही.

एक गोष्ट मला कालच कळली. तू बरा होऊन दारात येईपर्यंत चप्पल घालणार नाही, असा रामीकाकीने नवस बोलला होता. मी म्हटलं, काकी, तो आजारी नव्हताच, घाल आता. ती म्हणाली, आजारी नसेना का, दारात तर आला नाही अजून. ऊन मी म्हणतंय आणि म्हातारी अनवाणी पाणी भरते आहे.

लोभ आहे रे. उद्याची पहिली गाडी धर.

तुझी
वेणू